दिंडोरीजवळ द्राक्षबागेतलं घर: आतून कसं करावं? सल्ला हवा

सायली_दि
नमस्कार मंडळी. दिंडोरी तालुक्यात सासऱ्यांच्या बागेच्या कडेला छोटं घर बांधलंय. प्लॅस्टर झालंय, फरशी आणि रंग बाकी. खाली हॉल-किचन, वर दोन खोल्या, पुढे पडवी. सध्या शनिवार-रविवारपुरतं, पुढेमागे कायमचं राहायचं. नवऱ्याला टस्कनीसारखं हवंय: टेराकोटा फरशी, पिवळट भिंती, पांढरे सोफे, किचनमध्ये वाइनच्या बाटल्यांचा रॅक, पडवीत ओकच्या पिंपाचं टेबल. इंटिरियरवाल्याने दाखवलेले सगळे फोटो इटलीचेच. घर रिसॉर्टसारखं दिसायला नको एवढंच माझं म्हणणं. बजेट बेताचं आहे.

निफाडचा_नाना
ताई, पांढरे सोफे आधी यादीतून काढा. ऑक्टोबर छाटणी झाली की फवारण्या सुरू. ब्लोअरचं (ट्रॅक्टरवरच्या फवारणी यंत्राचं) तुषार वाऱ्यावर पार पडवीपर्यंत येतं. मोरचूद-चुन्याचं बोर्डो (बुरशीवरचं औषध) असेल तर पांढऱ्या कापडावर निळसर ठिपके उठतात, ते धुऊन सहजी जात नाहीत. बागेकडून वारा कुठून येतो ते सासऱ्यांना विचारा, त्या बाजूला शेवरीची दाट ओळ लावा. फवारणी चालू असताना खिडक्या बंदच ठेवायच्या, हे तर आलंच.
आणि थंडीचं डोक्यात असू द्या. आमच्याकडे पारा इतका उतरतो की बागा वाचवायला रात्री शेकोट्या पेटवतात. त्या दिवसांत दगडी फरशीवर अनवाणी पाय ठेवून बघा! घोंगडी, सतरंज्या भरपूर घ्या.

जुना_वाडा
टस्कनीतल्या शेतघरांच्या भिंती जाड दगडी, खिडक्या लहान, त्यांना लाकडी झडपा. उन्हाळा तिथे कोरडा, म्हणून हे सगळं. तिथल्या इंप्रुनेता गावची भाजक्या मातीची फरशी तिथे शतकानुशतकं चालते. तुमच्या पडवीवर मात्र चार महिने पाऊस झोडपणार. उघड्यावर टेराकोटा टाकलीत तर श्रावणापर्यंत हिरवी आणि निसरडी. ती आत, हॉलमध्ये घाला, वर सीलर लावून. पडवीला खरबरीत शहाबादी किंवा काळा दगड.

पिवळट भिंती मात्र जरूर करा. चुन्यात पिवडी घालून हात द्यायचा, मस्त उबदार रंग येतो. फक्त कंत्राटदाराला आत्ताच सांगा की पुट्टी मारू नको. पुट्टीवर चुना धरत नाही, पापुद्रे सुटतात. तो "पुट्टीशिवाय फिनिशिंग येत नाही" म्हणेल. म्हणू द्या.

लाकडासाठी इटलीकडे कशाला बघायचं? जुन्या नाशकात वाडे पडताहेत. सागवानी खांब, तुळया, कडीची दारं जुन्या लाकडाच्या वखारीत येतात. घेताना खांब उलटा करून बुडखा बघा. वाळवी तिथूनच चढते. बोटाच्या पेराने ठोकत वर जा, पोकळ आवाज आला की सोडून द्या. आणि कापायच्या आधी जुने खिळे शोधून काढायला लावा, नाहीतर सुतार पात्याचे पैसे तुमच्याकडूनच घेईल. हॉलमध्ये दोन खांब आणि एक दार पुरे. जास्त केलंत की थाळी रेस्टॉरंट.
भिंतीत कोनाडे ठेवता आले तर ठेवा. फर्निचरचा खर्च वाचतो.

नापाहून_मंदार
इकडे अमेरिकेत 2000 च्या दशकात 'टस्कन किचन'ची साथ आली होती. भिंतीवर द्राक्षांची चित्रं, प्लास्टरच्या वेली, सगळं. आता घर विकायचं म्हटलं की एजंट आधी तेच काढायला लावतो. नवऱ्याला हा मेसेज दाखवा.

सेलर_हँड
वायनरीत काम करतो म्हणून सांगतो. रिकामं ओकचं पिंप (बहुतेक 225 लिटरचं असतं) आपल्या एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हात आक्रसतं. फळ्या सुटतात आणि लोखंडी कड्या खाली घसरतात. टेबल करायचंच तर कड्या आधीच स्क्रूने फळ्यांना पकडून टाका आणि ते सावलीत ठेवा. बसताना गुडघे अडतात ते वेगळंच.
बाटल्या किचनमध्ये नकोत, फ्रिजवर तर नकोतच. वाइनला 12-14 अंश आणि अंधार लागतो. जिन्याखालची आतली भिंत त्यातल्या त्यात बरी, तरी उन्हाळ्यात तिथेही फार दिवस साठवू नका. कॉर्कवाल्या आडव्या, फिरकीच्या झाकणाच्या उभ्या चालतात.

तासगावची_पोर
जुनी बाग काढली की खोडं फुकटात मिळतात. पिळदार असतात, दिव्याला सुरेख दिसतात. पण खोडकिडीची भोकं असतील तर आधी कडक उन्हात वाळवा, भोकांत औषध सोडा. नाहीतर किडा थेट सागवानात. जुन्या मांडवाचे लोखंडी अँगलही भंगारात देऊ नका, त्यांची रॅक होते.

सायली_दि
सगळ्यांचे आभार! पुट्टी आज सकाळीच थांबवली, कंत्राटदार अगदी तेच वाक्य बोलला 😄 सोफ्याऐवजी दिवाण आणि गडद खणाच्या गाद्या. पिंपावर नवरा अजून अडून आहे, सध्या जिन्याखाली एकच, स्क्रू मारून, असं ठरलंय. सासऱ्यांकडे अँगल ढीगभर आहेत. पण गंज काढून रंग द्यावा की तसेच तेल लावून ठेवावेत?

तासगावची_पोर
तारेच्या ब्रशने घासून प्राइमर मारा आणि काळा मॅट द्या. नुसतं तेल लावलं तर कपड्यांना लागतं.