नोकरी सोडून गुळात उतरायचंय: ऑगस्टमध्ये राजीनामा द्यावा का?

कागलचा_टर्नर

नमस्कार मंडळी. थेट मुद्द्यावर येतो.

कोल्हापूरजवळच्या गोकुळ शिरगाव एमआयडीसीत सीएनसी (संगणकावर चालणारं मशीन) ऑपरेटर. सलग नोकरी ९ वर्षं २ महिने, हातात २८,००० पडतात, बेसिक आणि डीए मिळून २२,०००. घरचा दोन एकर ऊस, ८६०३२ जातीचा खोडवा (तोडलेल्या उसाच्या बुडख्यातून आलेलं पुढचं पीक), एकरी ३५ टन धरा. शिल्लक सहा लाख. पतसंस्थेचा हप्ता महिना ७,५००.

बेत असा: ऑगस्टअखेर राजीनामा, शेतातच गुऱ्हाळघर बांधायचं आणि दिवाळी पाडव्याला पहिलं आदण (एका वेळी काहिलीत शिजणारा रस) उतरवायचं. रसायनविरहित गूळ, पावडर, थोडी काकवी. "कर की लेका, होतंय" म्हणणारे गल्लीभर आहेत, आकडा सांगणारा एकही नाही. कुठं चुकतंय ते सांगा. गोड बोलू नका, गूळ आमचा आम्ही करू.

हिशेब_खातं

दादा, आधी राजीनाम्याची तारीख. ऑगस्टअखेर सोडलंत तर नोकरी भरते ९ वर्षं ३-४ महिने. ग्रॅच्युइटीचं (नोकरी सोडताना कंपनी देते त्या रकमेचं) गणित: २२,००० × १५ ÷ २६ = १२,६९२ रुपये एका वर्षाचे. नऊ वर्षांचे १,१४,२३०. शेवटच्या वर्षात सहा महिन्यांच्या वर नोकरी झाली की ते पूर्ण वर्ष धरतात. म्हणजे नोव्हेंबरअखेरपर्यंत थांबलात तर दहा वर्षं मोजली जातात आणि रक्कम १,२६,९२० होते.

हे १२ हजार किरकोळ वाटतील. पण पीएफमधली पेन्शन बघा. तिथं दहा वर्षं सेवा भरली तरच ५८ नंतर पेन्शनचा हक्क लागतो, नाहीतर एकरकमी थोडे पैसे घेऊन विषय संपतो. तिथंही सहा महिने किंवा जास्त असेल तर पुढचं वर्ष धरतात. तीन महिन्यांच्या घाईपायी आयुष्यभराचा हक्क घालवू नका. आजच पीएफचं पासबुक उघडा आणि पेन्शनच्या रकान्यात मधले महिने कोरे आहेत का बघा. कोरे असतील तर नोकरीत असतानाच ते दुरुस्त करून घ्या, बाहेर पडल्यावर एचआर फोन उचलत नाही.

राजीनाम्याआधीची आणखी दोन कामं. घरच्यांचा आरोग्य विमा आताच काढा, कारण आधीपासूनच्या आजारांना प्रतीक्षाकाळ असतो आणि कंपनीचा गट विमा नोकरीबरोबर जातो. आणि कर्ज लागणारच असेल तर बँकेला पगारपत्रक दाखवता येतंय तोवर बोलणी करा.

सहा लाखांतले अडीच लाख वेगळे ठेवा. त्यांना गुळाचा वास लागता कामा नये. हप्ता आणि घरखर्च धरून ते सात-आठ महिने पुरतील.

चुलवाण

बेत चांगला हाय, क्रम उलटा हाय. पहिल्या हंगामात गुऱ्हाळघर बांधू नका भावा. जुलैत ठरवून पाडव्याला चूल पेटवायची म्हणजे भर पावसात भट्टीचं बांधकाम. ओल्या भट्टीला पहिल्याच जाळात तडे जातात, चिमणी ओढत नाही, आणि चिपाड (रस काढून उरलेला चोथा) पुरत नाही म्हणून विकतचं सरपण आणावं लागतं. भट्टी नीट असेल तर उसाच्या चिपाडावरच आदण निघतं, बाहेरून जळण लागत नाही. तेही चिपाड दोन-तीन दिवस उन्हात वाळलेलं पाहिजे. पाडव्याच्या सुमारास अवकाळी आला तर चार दिवस चूल थंड, आणि माणसं बसून पगार खातात.

आपल्याकडं आदणावर गुऱ्हाळ मिळतं. ऊस तुमचा, काहील (रस आटवायची मोठी कढई) आणि गुळव्या (गूळ करणारा कारागीर) त्यांचा, दर आधी ठरवायचा. पहिल्या वर्षी तेच करा. फक्त तीन गोष्टी तोंडावर बोलून घ्या: हैड्रोस पावडरीचा (गूळ पिवळा दिसावा म्हणून घालतात त्या रसायनाचा) डबा तुमच्या आदणाजवळ येणार नाही, काहील तुमच्यासमोर धुतली जाईल, आणि दिवसाचं पहिलं आदण तुमचं. आधीच्या आदणाची खरवड रसात आली की रंग आणि चव दोन्ही जातात.

आता उसाचं. तोडणीआधी पंधरा-वीस दिवस पाणी बंद. मोठ्या बांधणीनंतर (उसाला मातीची भर दिल्यावर) युरिया टाकला असेल तर तो प्लॉट गुळाला नको, नत्र जास्त झालेल्या उसाचा गूळ काळपट होतो आणि टिकत नाही. खारवट रानातला ऊस असेल तर गूळही खारट, त्याला औषध नाही. हातातलं रिफ्रॅक्टोमीटर (रसाची गोडी मोजायचं यंत्र) घ्या, बुडख्याचा आणि शेंड्याकडचा रस वेगवेगळा बघा. दोन्हीकडं जवळपास सारखा, वीसच्या आसपास ब्रिक्स (गोडीचं माप) लागला की ऊस पिकला. शेंड्याला फारच कमी दाखवत असेल तर थांबा. आणि सकाळी तोडलेला ऊस त्याच दिवशी चरकात गेला पाहिजे. रात्र काढली की साखर फुटायला लागते, मग गुळव्या कितीही हुशार असला तरी ढेप मऊच. लोळलेला, उंदरानं खाल्लेला ऊस बाजूला काढा, तो कारखान्याला जाऊ दे.

टनाला ६०० लिटरच्या आसपास रस धरा, गूळ १०० ते १२० किलो. रसाचा सामू (आंबटपणाचं माप, पीएच) साधारण ५.२-५.४ असतो. चुन्याची निवळी घालून तो ६ च्या जवळ आणायचा. सामूची पट्टी स्वस्तात मिळते तरी लोक अंदाजानं ओततात. चुना कमी पडला तर गूळ घट्ट होत नाही, जास्त झाला तर काळा आणि तुरट. मळी, म्हणजे रसातली घाण, वर आणायला भेंडीच्या झाडाची खोडं ठेचून पाण्यात चोळून काढलेला चिकट रस हजार लिटरला दीड-दोन किलो खोडांचा पुरतो. रस उकळायच्या आधी पहिली मळी वर येते, ती तेव्हाच काढायची. जाळ घाईनं वाढवून उकळी फुटली की मळी रसातच मिसळते आणि मग ती कुणाच्या बापाला निघत नाही. सगळा काळा, दाताखाली कचकच करणारा गूळ इथंच होतो.

उतरवायचं तापमान काकवीला १०५-१०६ अंश, ढेपेला ११८ च्या आसपास, पावडरीला १२०-१२२. जुने गुळव्ये थेंब गार पाण्यात टाकून गोळी वाजवून बघतात आणि ते चुकत नाहीत, पण तुम्ही सीएनसीवाले, थर्मामीटर लावा. दोन अंशाचा फरक म्हणजे पावडरीऐवजी चिक्की.

यार्डातला

वरचं सगळं बरोबर. एक भर: हा माल कोल्हापूरच्या शाहू मार्केट यार्डात सौद्याला आणू नका. तिथं मोठी खरेदी गुजरातसाठी होते आणि बोली रंगावर लागते. पिवळाधमक गूळ वर, तुमचा तांबूस गूळ खाली. रसायन घातलं नाही म्हणून कुणी क्विंटलला शंभर जास्त देत नाही. हैड्रोस वापरतात ते मूर्ख म्हणून नाही, सौदा तसा आहे म्हणून.

आणि साखर मिसळलेल्या गुळाशी दरात भिडायला जाऊ नका. हरणार.

कागलचा_टर्नर

सगळ्यांचे आभार. नोव्हेंबरअखेरचं पटलं. पण आदणावर करायचं तर ७० टनांचं सगळंच करून टाकू का? आणि ह्यातनं पगार सुटेल असा आकडा कुणी मांडेल का?

हिशेब_खातं

सगळं नको. ७० टनांचा गूळ ७,७०० किलो होतो. हंगाम संपल्यावर पावसाळ्याआधी तो घरोघरी खपवायला तुमच्याकडं अजून एक गिऱ्हाईक नाही. १५ टन करा, बाकी कारखान्याला. (उसाची नोंद आणि सभासदत्वाच्या अटी आधी शेतकी ऑफिसात बघा, नोंदीचा ऊस परस्पर वळवला की पुढच्या वर्षी तोडीला रडावं लागतं.)

आकडे असे. २०२५-२६ ची एफआरपी (केंद्रानं ठरवलेला उसाचा किमान दर) १०.२५ टक्के साखर उताऱ्याला टनाला ३,५५० होती, त्यातून तोडणी-वाहतूक वजा होते. तरी उसाची किंमत तोडणी धरून टनाला ३,५०० पकडू. घरचा ऊस फुकट धरायची चूक करू नका, अर्धी गुऱ्हाळं कागदावर नफ्यात दिसतात ती ह्यामुळंच. आदणाची मजुरी टनाला समजा १,५००, हा आकडा तुमच्या गावचा टाका. झाले ५,०००. भागिले ११० किलो, म्हणजे ४५ रुपये ५० पैसे. पिशवी, लेबल, खोकं, घट धरून साडेसात. किलोला ५३.

छापील किंमत ९० ठेवली तर थेट गिऱ्हाइकाला विकून ३७ सुटतात. दुकानदाराला २५ टक्के दिले की हातात ६७.५०, सुटतात साडेचौदा. १५ टनांचे १,६५० किलो निम्मे-निम्मे गेले तर वर्षाची कमाई साधारण साडेबेचाळीस हजार. वर्षाची, महिन्याची नव्हे. फिरण्याचं पेट्रोल ह्यात धरलेलं नाही.

पगाराइतके ३,३६,००० काढायचे तर ह्याच प्रमाणात १३ टन गूळ विकावा लागेल. त्याला ११८ टन ऊस लागतो, घरचा ७० टन. उरलेला विकत. म्हणून म्हणतो, नोव्हेंबरअखेर ही लवकरात लवकरची तारीख आहे, त्याच दिवशी सोडलंच पाहिजे असं नाही. हा हंगाम सुट्टीच्या दिवशी आदण आणि दुसऱ्या पाळीआधी विक्री असाही काढता येतो. महिन्याला ३०० किलो थेट विक्री सलग चार महिने टिकली की राजीनामा लिहा.

यार्डातला

९० ला कोण घेतंय ते आधी विचारा. किलोची ढेप घरात चालते, पण जास्त पैसे पावडरीला आणि छोट्या वड्यांना मिळतात, कारण चहात टाकायला सोपं. हॉटेलवाले ३०-३० किलो मागतील आणि उधारी दोन महिन्यांची ठेवतील. पहिल्या वर्षी उधारी नाहीच.

लेबल_बघा

अजून कुणी कागदांचं बोललं नाही म्हणून.

अन्नसुरक्षेची नोंदणी किंवा परवाना, उलाढालीप्रमाणे जे लागेल ते, तुमच्या नावानं पाहिजे. आदण दुसऱ्याच्या गुऱ्हाळात असेल तर त्यांचाही क्रमांक मागा, कारण लेबलवर कुणी बनवलं आणि कुणी पॅक केलं हे दोन्ही येतं. वजनमापे खात्याकडं पॅकर म्हणून नोंद. जुलै २०२२ पासून पॅकबंद, लेबल लावलेल्या गुळावर ५ टक्के जीएसटी आहे. पण वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या आत आणि विक्री महाराष्ट्रातच असेल तर जीएसटी नोंदणी लागत नाही. बेळगावच्या दुकानाला एक खोकं पाठवलंत की गणित बदलतं.

"सेंद्रिय" हा शब्द लेबलवर छापू नका. त्याला शेताचं प्रमाणपत्र लागतं आणि रासायनिक खतावरून सेंद्रियला जायला काही वर्षं जातात. "रसायन न वापरता" लिहायचं तर एनएबीएल मान्यता असलेल्या प्रयोगशाळेत सल्फर डायऑक्साइडची तपासणी करून अहवाल जवळ ठेवा. कायद्यात मर्यादा ७० पीपीएम (दहा लाख भागांत ७०) आहे. ओलावा १० टक्क्यांच्या आत हवा, पण पावडरीला दोन-तीन टक्क्यांच्या वर जाऊ दिलात तर जुलैत पिशवीत दगड होईल.

"कोल्हापूर गूळ" ह्या नावाला २०१४ पासून भौगोलिक मानांकन आहे. ते चिन्ह वापरायचं तर अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद करावी लागते.

अनुदानाचं: सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख, बँक कर्जाशी जोडलेलं, स्वतःचा हिस्सा किमान १० टक्के. सध्या अर्ज घेतात का ते तालुका कृषी कार्यालयात विचारा. एकच लक्षात ठेवा, कर्ज मंजूर व्हायच्या आधी घेतलेल्या मशिनरीवर अनुदान मागायला गेलात तर परत पाठवतील. म्हणूनही यंदा बांधकाम नको.

कागलचा_टर्नर

काकवी राहिली. बाटलीत साखर बसते म्हणतात, खरं का?

चुलवाण

बसते. काकवीत किलोला ०.४ ग्रॅम सायट्रिक आम्ल टाकायचं, म्हणजे खडे धरत नाहीत. मग आठ-दहा दिवस झाकून स्थिर ठेवा, गाळ खाली बसला की वरची निवळ बाटलीत. बाटली काचेची आणि आतून कोरडी खट्ट. पाण्याचा थेंब राहिला की महिन्याभरात आंबून झाकण उडतं. आणि लेबलवर आम्ल लिहायचं, "काहीही घातलेलं नाही" असं काकवीवर छापू नका.

गुळव्याशी बोलायचं ते दसऱ्याच्या आत बोला. चांगले गुळव्ये तोवर उचल घेऊन बांधले जातात. उचल एकदम देऊ नका, निम्मी आता, निम्मी पहिल्या आदणाच्या दिवशी काहिलीपाशी.