मदत हवी आहे: जळगाव-भुसावळकडे थ्रॅश मेटलचा ड्रमर आहे का कुणी?

नमस्कार मंडळी. आम्ही तिघे, दोन गिटार आणि एक बास, जळगावात थ्रॅश मेटल (अतिवेगवान, जड गिटारचं रॉक संगीत) बँड उभा करतोय. गाडी अडलीय ड्रमरवर. इकडे वाजवणारे हात कमी नाहीत, पण सगळे लग्नसराईत ऑक्टोपॅडवर बसलेले. आम्हाला खऱ्या ड्रमसेटवर, डबल पेडलने (बास ड्रम दोन्ही पायांनी वाजवायचं पेडल) दोन्ही पाय सलग चालवणारा हवाय. सुरुवातीला १६० बीपीएमला (मिनिटाला १६० ठोके) अडखळला नाही तरी पुष्कळ, बाकी सरावाने येईल.

१९८१मध्ये ड्रमर लार्स उलरिखने लॉस एंजेलिसच्या एका पेपरात छोटी जाहिरात दिली, त्यातून जेम्स हेटफिल्ड भेटला आणि मेटॅलिका हा गाजलेला थ्रॅश बँड जमला. पुढे बासवाल्या क्लिफ बर्टनने अट घातली, येतो, पण तुम्ही इकडे या. अख्खा बँड सॅन फ्रान्सिस्कोकडे हलला! आम्हीही भुसावळ, अमळनेर, धुळे, कुठेही यायला तयार आहोत.

दुसरं, जागा. सध्या पत्र्याच्या गोडाऊनमध्ये वाजवतो. उन्हाळ्यात दोन गाण्यांत तारांचा सूर उतरतो, शेजाऱ्यांचा पारा चढतो. गावाबाहेर, अर्थिंग नीट असलेली खोली कुणाकडे आहे का? भाडं देऊ. आणि सेकंडहँड डबल पेडल नाशिकला मिळेल की थेट मुंबईच गाठावी?