अल्सरेटिव्ह कोलायटिस : गोळ्या, सलाईन की घरी टोचायचं इंजेक्शन? खर्चाचं गणित सुटेना

नमस्कार मंडळी, देवगडकडून लिहितेय. आमच्या ह्यांना अल्सरेटिव्ह कोलायटिस आहे, सगळ्या मोठ्या आतड्याला सूज. मेसालामाइन (आतड्याची सूज उतरवणारं औषध) फुल डोसमध्ये, वर रात्रीचा एनिमा, तरी स्टिरॉइड कमी करत 10 मिग्रॅवर आणलं की परत रक्त पडतं. अ‍ॅझाथायोप्रिनने (प्रतिकारशक्ती दाबणारी गोळी) पांढऱ्या पेशी खाली गेल्या म्हणून ते बंद. आता कोल्हापूरचे डॉक्टर म्हणतात स्टिरॉइडवर कायम ठेवता येणार नाही, आणि तीन ऑप्शन देऊन 'घरी बोलून सांगा' म्हणाले.

टोफासिटिनिब गोळ्या आहेत, आधी 8 आठवडे 10 मिग्रॅ दिवसातून दोनदा, मग 5 मिग्रॅ दोनदा. आपल्याकडच्या कंपन्यांच्या मिळतात त्यामुळे तिघांत स्वस्त हेच, पण नागीण उठू शकते, रक्ताची गुठळी होऊ शकते, कोलेस्टेरॉल वाढतं, म्हणजे तपासण्या आल्या.

इन्फ्लिक्सिमॅब सलाईनमधून. किलोला 5 मिग्रॅ, ह्यांचं वजन 58, म्हणजे 100 मिग्रॅच्या तीन व्हायल (औषधाच्या छोट्या बाटल्या) एका वेळी. 0, 2, 6 आठवडे आणि मग दर 8 आठवड्यांनी, पहिल्या वर्षातच 8 वेळा. बायोसिमिलर (मूळ औषधासारखंच, दुसऱ्या कंपनीचं स्वस्त औषध) धरूनही आकडा ऐकून माझ्याच पोटात गोळा आला. पण हे डे-केअरमध्ये मेडिक्लेमला बसेल असं एकजण म्हणाला, आणि गोळ्यांचे पैसे तर आमच्याच खिशातून, मग खरं स्वस्त कुठलं? शिवाय प्रत्येक वेळी घाट चढून जायचं, गाडीभाडं, आणि आंब्याच्या सीझनला बाग सोडून निघणार कोण.

अ‍ॅडालिमुमॅब घरीच, 15 दिवसांनी एक, पण फ्रीजमध्ये 2 ते 8 डिग्रीला ठेवायचं. आमच्याकडे पावसात माडाची झावळी वायरीवर पडली की लाईट कधी येईल ते महावितरणलाच ठाऊक, मागच्या पावसाळ्यात फ्रीजमधलं सगळं दूध नासलं, ते शंभराचं होतं म्हणून चाललं.

(सासूबाईंचं कुड्याच्या सालीच्या काढ्याचं चालूच आहे, तो विषय इथे नको.)

कुणी यातलं काही घेतलंय का? मेडिक्लेम खरंच पास झाला का?

प्रतिसाद :
ताई, आम्ही सावंतवाडीचे, भावाला इन्फ्लिक्सिमॅब चालू आहे. नुसत्या 'डे-केअर' शब्दावर जाऊ नका, असली इंजेक्शनं 'मॉडर्न ट्रीटमेंट'मध्ये धरतात, त्याला पॉलिसीत वेगळी लिमिट असू शकते, आणि जुन्या आजाराचा वेटिंग पिरियड संपलाय का ते बघा. कंपनीकडून आधी लेखी घ्या, फोनवरचं काही धरू नका. व्हायलच्या एमआरपीवर हिशोब करू नका, आम्हाला बरीच खाली मिळाली, डॉक्टरांनाच पेशंट प्रोग्रामचं (औषध कंपनीची रुग्णांसाठीची सवलत योजना) विचारा. टीबीची टेस्ट तिन्हीच्या आधी लागतेच, ती आत्ताच करून टाका. आणि काहीही घेतलंत तरी सुरुवातीलाच ठरवून घ्या, साधारण 14 आठवड्यांत फरक नाही पडला, कॅलप्रोटेक्टिनही (शौचाच्या तपासणीतला आतड्याची सूज दाखवणारा आकडा) उतरलं नाही, तर डॉक्टरांशी बोलून बदलायचं. आमचे सगळ्यात जास्त पैसे न लागू पडणारं औषध ओढत बसण्यात गेले.