इन-इअरच्या भोकावर टेप लावली, बेस वाढला पण आता चुरचुर आवाज येतोय

खर्जप्रेमी: मंडळी जरा मदत करा. साधे वायरवाले इन-इअर (कानाच्या आत बसणारे इअरफोन) आहेत, आत एकच डायनॅमिक ड्रायव्हर (पडदा हलवून आवाज काढणारा छोटा स्पीकर). आवाज मोकळा आहे पण बेस पातळ आणि गाण्यात स, श आला की टोचतं. बॉडीवर दोन बारीक भोकं आहेत, एक नळीच्या (कानात जाणाऱ्या तोंडाच्या) बाजूला, एक मागे. नळीच्या बाजूच्या भोकावर जखमेला लावतात ती कागदी टेप लावून बघितली. बेस खरंच वाढला राव! पण आता कानात घालताना आत प्लास्टिक चुरगळल्यासारखा आवाज येतो आणि उजवी बाजू डावीपेक्षा जड वाटते. स चं टोचणं जिथल्या तिथं. आता नळीची जाळी काढून आत फोम भरावा म्हणतोय, नाहीतर वायरला जोडायचा, रेझिस्टन्स वाढवणारा 75 ओहमचा अडॅप्टर घ्यावा का?

कानसेन: अडॅप्टरचा विषय आधीच मिटवतो. एका डायनॅमिक ड्रायव्हरचा इंपीडन्स (विजेला होणारा अडथळा) सगळ्या फ्रिक्वेन्सींना जवळपास सारखाच असतो, त्यामुळे अडॅप्टरनं फक्त आवाज कमी होईल, टोन बदलणार नाही. बॅलन्स्ड आर्मेचरवाल्या (दुसऱ्या प्रकारचे बारीक ड्रायव्हर), क्रॉसओव्हर (ड्रायव्हरमध्ये आवाज वाटून देणारं सर्किट) असलेल्या इन-इअरमध्ये इंपीडन्स वरखाली होतो, तिथं फरक पडतो.

आता टेप. पुढचं भोक हवेचा दाब सोडायला असतं. ते उघडं असलं की खालच्या फ्रिक्वेन्सीचा दाबही तिथून थोडा निसटतो, म्हणून बुजवल्यावर बेस वाढला. पण कानात घालताना कोंडलेल्या हवेला बाहेर पडायला वाट नाही, ती डायफ्रामला (ड्रायव्हरच्या पातळ पडद्याला) ढकलते, तोच तुमचा चुरचुर आवाज. ड्रायव्हर फ्लेक्स म्हणतात त्याला. मागचं भोक बुजवायच्या भानगडीत पडू नका, मागची हवा कोंडली की डायफ्राम हलायला जड जातो आणि बेस बहुतेक वेळा उलट कमीच होतो. डावं-उजवं वेगळं वाटतंय कारण एका बाजूची टेप घट्ट बसलीय आणि दुसरीकडून हवा जातेय. टेपला बारीक सुईनं भोक पाडा, पण आधी पाडा आणि मग चिकटवा, लावलेल्या टेपमध्ये सुई खुपसली तर ती सरळ ड्रायव्हरपर्यंत जाऊ शकते. दोन्हीकडे एकच सुई. मग मोनोमध्ये (दोन्ही कानांत एकच आवाज) 20 ते 200 हर्ट्झचा स्वीप (खालून वर चढत जाणारा सूर) लावून ऐका, आवाज मधोमध राहिला पाहिजे, एका बाजूला सरकला तर टेप परत लावा.

टिपबदलू: एवढा कुटाणा कशाला, टिप्स (नळीवरच्या मऊ टोप्या) बदलून बघितल्या का आधी? सील (टिप कानात घट्ट बसणं) नीट नसेल तर सगळ्यात पहिला बेसच पळतो. दोन्ही कानांचं माप सारखंच असेल असं काही नाही, एकीकडे मोठी टिप लागू शकते, उजवी जड वाटण्याचं कारण तेही असेल. बोलताना, जबडा हलवताना बेस येतो-जातो का बघा, येत-जात असेल तर सीलचाच घोळ आहे. आणि स टोचतोय तर फोमच्या टिप्स लावा, तिखटपणा बराच खाली येतो. फक्त फोम कालांतरानं कडक होतो मग बदलावा लागतो.

आलेखबाबा: मी म्हणेन काही कापायच्या-भरायच्या आधी इक्यू (ठरावीक फ्रिक्वेन्सी कमी-जास्त करणारा इक्वलायझर) लावा, कायमचा नको असेल तर नका ठेवू पण नेमकं दुखणं कुठाय ते तरी कळेल. विंडोजवर इक्वलायझर एपीओ, अँड्रॉइडवर वेव्हलेट. एपीओमध्ये एक अरुंद बँड घेऊन 4-5 डीबी खाली करा आणि 5 पासून 9 किलोहर्ट्झपर्यंत हळूहळू सरकवत न्या, स जिथं सुसह्य होईल ती तुमची जागा. इन-इअरच्या मोजणीच्या ग्राफवर 8 किलोहर्ट्झला शिखर दिसतं म्हणून तिथंच कापू नका, मोजायच्या 711 कपलरमध्येच (कानासारखं बनवलेलं मोजणीचं साधन) त्या भागात रेझोनन्स येतो आणि तुमच्या कानात ते शिखर दुसरीकडेच असू शकतं. इन-इअर किती खोल घालता त्यावर ते सरकतं, खोल घातलं की वर जातं.

कानसेन: हे बरोबर, पण इक्यू प्रत्येक डिव्हाइसवर सोबत येत नाही हो, फोम येतो. फक्त नळीत फोम म्हणजे ठासून भरणं नव्हे! चिमटीनं चिमूटभर घ्यायचा, विरळ करायचा, फुंकर आरपार गेली पाहिजे. जास्त झाला की 3 किलोहर्ट्झच्या आसपासचा भागही दबतो आणि गायक भिंतीपलीकडं जाऊन बसतो. कापूस नको, तंतू आत जातात. आणि कुणी पांढरे, तपकिरी, हिरवे डॅम्पर (नळीत बसवून आवाज दाबणारे छोटे तुकडे) सुचवले (680, 1000, 1500 ओहम) तर ते बॅलन्स्ड आर्मेचरच्या बारीक ट्यूबसाठी असतात, तुमच्या रुंद नळीत बसणार पण नाहीत.

खर्जप्रेमी: भोक पाडलेली टेप लावली, चुरचुर गेली, स्वीप मधोमध आहे. बेस टेप नसताना होता त्यापेक्षा जास्तच आहे, पूर्ण बुजवल्यावर होता तेवढा नाही, पण मला हाच आवडला. इक्यूनं शोधलं तर टोचणं साधारण साडेसहा किलोहर्ट्झला सापडलं. फोमच्या टिपनं अर्धंअधिक काम झालंय, उरलेलं नळीतल्या फोमनं करतो. जाळी परत लावायला सुपरग्लू चालेल का?

आलेखबाबा: अजिबात नको. पातळ असतो, जाळीच्या छिद्रांत ओढला जातो आणि ती बंद होतात, शिवाय त्याच्या वाफेनं पांढरा थर बसतो. जुनी जाळी काढताना कडेनं सुई घालून उचला, बहुतेक वेळा खालचा चिकट गोल तसाच राहतो आणि त्यावरच दाबून बसते. एका वेळी एकच बाजू उघडा, दुसरी तुलनेला तशीच ठेवा.

टिपबदलू: आणि फोमची टिप लावूनच ऐका नळीतला फोम घालताना, नाहीतर परत सगळा हिशोब बदलेल.