शेपटीने अर्थ फिरवणारी इंग्रजी क्रियापदे : आपले अनुभव

इंग्रजीतील साध्या क्रियापदाला 'ऑफ', 'अप', 'आउट' असे शेपूट जोडले की अर्थ कुठल्या कुठे जातो. 'पुट' म्हणजे ठेवणे. पण 'पुट ऑफ' म्हणजे पुढे ढकलणे आणि 'पुट अप विथ' म्हणजे निमूटपणे सोसणे. (आपले 'देऊन टाकणे' आणि 'देऊन बसणे' अमराठी माणसाला समजावून पाहा!) कोल्हापूरकरांना अशी क्रियापदे कुठे नडली, ते प्रत्यक्ष वाक्यासह लिहावे.

*

शिरोलीच्या एका फाउंड्रीत मी डिस्पॅच पाहतो. पहिल्याच वर्षी इंग्लंडच्या ग्राहकाचा मेल आला, 'वुई विश टू कॉल ऑफ ५०० कास्टिंग्ज.' 'कॉल ऑफ' म्हणजे रद्द करणे, हे शाळेत पाठ केलेले. त्यामुळे मी ओतकाम थांबवायला सांगून मोकळा झालो. वास्तविक, वर्षभराच्या एकत्रित ऑर्डरमधून लागतील तसे नग मागवण्यालाही खरेदी विभागात 'कॉल ऑफ'च म्हणतात, म्हणजे त्यांना माल हवा होता. साहेबांच्या आधी मुकादमांनीच मला गाठले, "काय ओ, पावसानं मॅच कॉल ऑफ हुती, ते ठावं हाय, कास्टिंगला काय धाड भरली?"

*

परिचारिकेच्या जागेसाठी इंग्लंडमधील रुग्णालयाला ऑनलाइन मुलाखत देताना मी 'आय पास्ड आउट इन २०१६' असे ठसक्यात सांगितले. आपल्याकडे पदवी घेऊन बाहेर पडलेल्याला सर्रास 'पास आउट' म्हणतात; तिकडच्या रोजच्या बोलण्यात त्याचा अर्थ शुद्ध हरपणे. समोरच्या बाईंनी काळजीच्या सुरात 'आता बरे आहे ना?' असे विचारले. ती थट्टा होती, हे मला फार उशिरा कळले. लष्कराच्या 'पासिंग आउट परेड'मध्ये मात्र आपलाच अर्थ टिकून आहे.

*

मी सरकारी कार्यालयातून निवृत्त झालो. आमच्या फायलींत 'पुट अप' म्हणजे कागद वरिष्ठांसमोर सादर करणे, एवढाच अर्थ चाले. जावयांच्या परदेशी मित्राने 'कॅन यू पुट मी अप फॉर टू नाइट्स?' असे विचारले, तेव्हा याला कोणापुढे सादर करायचे, असा मला प्रश्न पडला. बिचाऱ्याला दोन रात्री मुक्कामाची सोय हवी होती.

*

मुलीला शिकवताना माझी चूक वेगळीच निघाली. 'टर्न ऑफ द गॅस' आणि 'टर्न द गॅस ऑफ' ही दोन्ही वाक्ये चालतात. पण गॅसऐवजी 'इट' आले की ते मध्येच बसते, 'टर्न इट ऑफ'. 'लुक आफ्टर'मध्ये मात्र ते शेवटीच येते. हा नियम मी वहीत लिहून घेतला, तरी बोलताना अजून अडखळते. सासूबाईंनी नुसते ऐकून ते उचलले; कुकरची तिसरी शिट्टी झाली की त्या माजघरातून 'टर्न इट ऑफ' असे अचूक ओरडतात.