मदत हवी आहे: समोरच्याच्या भावना ओळखायला शिकवणारे कॉम्प्युटर गेम

मंडळी, नमस्कार.

मुलगा दहा वर्षांचा आहे. स्वभावाने गरीब, मारामाऱ्या वगैरे अजिबात नाहीत, पण समोरच्याचा चेहरा त्याला वाचता येत नाही. कॅरममध्ये धाकटी हरली, खालचा ओठ बाहेर, डोळे भरलेले, आणि हा पठ्ठ्या खुशाल पुढच्या डावाच्या सोंगट्या लावतोय. रागावले तर म्हणतो, "रडत कुठे होती? आवाज तर आला नाही." मुद्दाम करत नाही हो, त्याला खरंच कळत नाही.

गोष्टी सांगून झाल्या. गेममध्ये मात्र तासन्‌तास रमतो, म्हणून त्याच वाटेने जावं म्हटलं. शोधताना 'क्रिस्टल्स ऑफ केडॉर' सापडला. विस्कॉन्सिन-मॅडिसन विद्यापीठात संशोधनासाठी बनवलेला गेम. यान परग्रहावर कोसळतं, आपण रोबो. तिथल्यांची बोली कळत नाही, त्यामुळे चेहऱ्यावरून राग, भीती, किळस, दुःख ओळखायचं. शिवाय किती राग, तेही सांगायचं. ही कल्पना मला फार आवडली.

त्यावरचा २०१८चा शोधनिबंध वाचून जरा थंड पडले. दोन आठवडे खेळल्यावर काही मुलांच्या मेंदूत सहानुभूतीशी संबंधित भागांमधला संपर्क वाढला आणि त्यांना दुसऱ्याच्या भावना जास्त अचूक कळल्या, पण सरसकट सगळ्यांना फायदा झाला नाही. मुलंही ११ ते १४ वयाची.

तर हा गेम घरी खेळायला मिळतो का? नसल्यास तशा धर्तीचा दुसरा? जुना विंडोज लॅपटॉप आहे, मोबाइल द्यायचा नाही. आणि मुख्य म्हणजे, गेममधला चेहरा ओळखता आला म्हणून बहिणीचा दिसायला लागतो का? कुणाचा अनुभव?

प्रतिसाद: 'ब्रदर्स: अ टेल ऑफ टू सन्स' (२०१३) बघा. दोन भाऊ, कंट्रोलरवर (खेळायच्या हातातल्या यंत्रावर) अंगठ्याने हलवायच्या दोन छोट्या दांड्या असतात, एकेका दांडीने एकेक भाऊ चालवायचा. बोलतात ती भाषाच बनावट, त्यामुळे हावभावांवरूनच समजून घ्यावं लागतं. पण त्यात मृत्यू आहे, काही दृश्यं भीषण आहेत. दहाव्या वर्षी मी देणार नाही, तेराचा झाला की शेजारी बसून खेळा.

तोवर तो सध्या जे खेळतो तेच मध्ये थांबवून विचारा, "याला आत्ता काय वाटत असेल? कशावरून?" आमच्याकडे "कशावरून" या प्रश्नाने जास्त काम केलं. धाकटीलाही खेळात घ्या, उत्तरं ती पटापट देईल. शाळेतही असंच होत असेल तर समुपदेशकांना एकदा दाखवून घ्या, उगाच ताटकळू नका.

लॅपटॉपची रॅम किती आहे?