बोलेरो पिकअप की योद्धा: आधी चेसिस पाहा

भाऊ, नागपूरच्या कळमना मार्केटच्या संत्रा वाहतुकीसाठी जुनी बोलेरो पिकअप घ्यावी की टाटा योद्धा, असं तुम्ही विचारलंय. माझं मत बोलेरोला. तिचं २५२३ सीसीचं इंजिन खेड्यातला मिस्त्रीही उघडतो, पार्ट कुठंही मिळतात. काटोल-नरखेडच्या रस्त्यावर ऐन हंगामात गाडी उभी राहणं परवडत नाही. योद्धाचं २.२ लिटर इंजिनही दमदार आहे, नीट ठेवलेली स्वस्तात मिळाली तर सोडू नका.

पण मॉडेलपेक्षा गाडीनं आधी काय वाहिलं ते महत्त्वाचं. रेती-गिट्टीवर चाललेली गाडी कितीही चकचकीत असो, घेऊ नका. खाली वाकून चेसिसवर, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावर, वेल्डिंगच्या खुणा शोधा, मागचे पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) वाढवलेत का पाहा. ताजा काळा रंग मारलेला दिसला तर मी तरी शंकाच घेतो. इंजिन सकाळी थंड असतानाच सुरू करायला सांगा. चालू इंजिनचं ऑइलचं झाकण काढल्यावर धुराचा जोरदार भपका आला, तर रिंग-पिस्टनचा खर्च धरूनच भाव करा.

फिटनेस, टॅक्स, बोजा (गाडीवरचं कर्ज) एमपरिवहन या सरकारी अ‍ॅपवर तपासा. आठ वर्षांवरच्या मालवाहू गाडीला फिटनेस दरवर्षी लागतं. फायनान्स कंपनीची एनओसी (ना-हरकत पत्र) हाती आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका.